पडवीत सीएनसी बसवण्यापूर्वी

आयटीआय करून आलेले चिरंजीव म्हणतात, "गोठ्याशेजारच्या पडवीत लहान सीएनसी मिलिंग मशीन बसवू." वडील विचारतात, "यंदाच्या उसाच्या बिलात बसेल का?" वाचकहो, किमतीचे नंतर पाहू. त्या मशीनला काम कोणते देणार, हे बापलेकांनी आधी ठरवावे.

मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला तुकडा कापला जातो. सीएनसीत टेबल किंवा कटर सरकवण्याचे काम हाताच्या चाकाऐवजी संगणकाच्या हुकमाने मोटारी करतात. आता गावात दुरुस्तीला काय येते? पिना, बुश, शाफ्ट. ही बहुतेक लेथची कामे, उरलेली वेल्डिंगची. तेवढ्यासाठी मिलिंग मशीन घेऊ नका, जुना चांगला लेथ पाहा. पण टोकण यंत्राच्या बियाण्याच्या चकत्या घ्या. भुईमुगाची भोके वेगळी, मक्याची वेगळी. नायलॉनच्या जाड पत्र्यातून एकसारख्या पन्नास चकत्या काढायच्या, तर सीएनसीसारखा गडी नाही. पुढच्या हंगामात तीच चकती हवी, तर प्रोग्रॅम तयारच असतो.

बाजारात दोन वेगळ्या यंत्रांना सरसकट सीएनसी म्हणतात, आणि फसगत होते ती इथेच. एक राऊटर : हलकी चौकट, मिनिटाला चोवीस हजारांपर्यंत फेरे. लाकूड, नायलॉन, बेताबेताने अ‍ॅल्युमिनियम, इथवर तो ठीक. दुसरे बिडाच्या अंगाचे, जड मिलिंग मशीन. लोखंड कापायचे तर हेच. हिशेब सोपा आहे. १० मि.मी.चा हायस्पीड स्टीलचा कटर साध्या पोलादात मिनिटाला सुमारे ३० मीटर वेगाने चालवतात, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास फेरे. चोवीस हजारांवर तो जळून जाईल. राऊटरचे फेरे तितके खाली आणले, तर त्याच्या मोटारीत जोर उरत नाही. बैल दात पाहून घेतात. हे यंत्र वजन विचारून घ्या.

घ्यायला जाताना ओळखीच्या लेथवाल्याकडून डायल गेज मागून न्या. टेबल एका बाजूला सरकवून काटा शून्यावर आणा. मग उलट बाजूला ०.०१ मि.मी.च्या पायऱ्यांनी सरकवायला सांगा. काटा हलण्याआधी जितक्या पायऱ्या फुकट जातील, तितकी ढिलाई. साध्या स्क्रूपेक्षा बॉलस्क्रूमध्ये ती कमी असते. आपल्याला लागणारा माल सोबत न्या आणि समोर कापून घ्या. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर सरळ घरी या.

विजेचे मात्र नीट ऐका. लाईट गेली की साध्या स्टेपर मोटारीच्या यंत्राला आपण कुठे होतो याचा भरवसा राहत नाही. म्हणून मूळ जागा शोधणारे होमिंग स्विच हवेतच. नुसत्या कंट्रोलरला यूपीएस लावून भागत नाही : कटर थांबला आणि टेबल सरकत राहिले, तर कटर मोडतो. अर्थिंग पक्के करा. आणि शेतीपंपाच्या थ्री फेज जोडणीवर मशीन चालवायचा मोह नको. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

सगळी रक्कम मशीनमध्येच घालू नका. व्हाइस, कटर, कोलेट, मोजमापाची साधने यांनाही चांगले पैसे लागतात. चालू मशीनजवळ पदर, ओढणी, सैल बाही नको, आणि लहान मुले तर मुळीच नकोत.

आणखी एक वाट आहे. शिरोली, भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत मजुरीवर सीएनसीचे काम करून देणारे आहेत. मुलाने घरच्या संगणकावर फ्रीकॅडसारख्या फुकट प्रणालीत चकतीचे चित्र काढावे आणि एक हंगाम काम बाहेरून करून घ्यावे. दिलेली मजुरी आणि मिळालेली विक्री रोज वहीत मांडावी. मजुरीचा आकडा मशीनच्या हप्त्याच्या वर जाऊ लागला, की पडवीत कोबा घालायला घ्या.