खोडाला गेरू लावण्याआधी

शाळा सुशोभीकरण म्हटलं की आवारातल्या झाडांना खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा ठरलेलाच. दिसतंही छान. पण माझं मत असं की निदान दोन-तीन जुनी झाडं न रंगवता सोडावीत. सालीवरचे ते राखाडी, हिरवट, खरबरीत डाग म्हणजे रोग नव्हे. ते शैवाक आहे, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद.

शैवाक म्हणजे दोघांचा संसार. बुरशी घर बांधते आणि पाणी धरते, आत राहणारं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. झाडाकडून ते फक्त जागा घेतं. मुळं नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त पाऊस, दव आणि धुक्यावर.

मग कुपवाडच्या एप्रिल-मे महिन्यात ते तगतं कसं? पाणी संपलं की ते वाळून कडकडीत होतं, सगळे व्यवहार बंद करतं आणि पावसाची वाट बघत पडून राहतं. त्यावर चार थेंब पाणी टाका, थोड्याच वेळात राखाडी रंग हिरवट होतो. हा प्रयोग चौथीच्या मुलांकडून जरूर करून घ्या, खर्च शून्य!

हवामान बदलतं तसं रूपही बदलतं. आपल्याच जिल्ह्यात पश्चिमेला चांदोलीचं दमट जंगल आणि पूर्वेला जत-आटपाडीचा कोरडा माळ आहे. दमट हवेत पानासारखी पसरणारी, दाढीसारखी लोंबणारी शैवाकं वाढतात. कोरड्या माळावर ती चैन परवडत नाही, तिथे रंगाच्या पोपड्यासारखं दगडाला घट्ट चिकटून राहावं लागतं. काहींच्या अंगात पिवळी-नारिंगी द्रव्यं असतात, ती आतल्या शैवालावर उन्हात छत्री धरतात. अंटार्क्टिकाच्या खडकांवरही शैवाक आहे. 2005 साली तर दोन जाती सुमारे दोन आठवडे अवकाशात उघड्यावर ठेवल्या, तरी परत आल्यावर त्या जिवंत होत्या.

आणि असा हा चिवट जीव धुरापुढे मात्र हात टेकतो. हवेतून येईल ते तो अंगभर शोषतो, त्यात सल्फर डायऑक्साइडही आला. 1866 मध्येच विल्यम नायलँडर यांनी नोंदवलं होतं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दिसणारी शैवाकं शहरात इतरत्र दिसत नाहीत.

म्हणून एमआयडीसीच्या गावात हे डाग आपल्याला जास्त मोलाचे. मात्र एक सांभाळा. खोड कोरं दिसलं की लगेच कारखान्याकडे बोट दाखवायला मुलांना शिकवू नका. साल गुळगुळीत असेल, सावली दाट असेल, तरी शैवाक कमी असतं.

वाळवीसाठी चुना लागतो, असं कुणी म्हणेलच. वाळवी लागलेल्या झाडाला जरूर लावा. बाकीच्यांवरचं शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, म्हणजे एका ब्रशात कित्येक वर्षांची वाढ झाकली जाते. त्यापेक्षा खोडावर खडूने वहीएवढा चौकोन आखा, आतले डाग मोजून मुलांना चित्र काढू द्या, तारीख घाला. पुढच्या जूनमध्ये तीच वही पुढच्या वर्गाच्या हातात द्या.