चतुर्थीतून प्रथमेकडे

'अपंग मुलीला सायकल दिली.' वृत्तपत्रांत वारंवार भेटणारे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. देणारा त्यात अध्याहृत असतो. शेजारच्या छायाचित्रात मात्र तो मधोमध उभा दिसतो. मुलगी चतुर्थीत असते, म्हणजे संप्रदान. 'मुलगी सायकल चालवते' या वाक्यात तीच प्रथमेत येते, कर्ता होते. या दोन विभक्तींमधले अंतर आपण अजून कापलेले नाही, असे मला वाटते.

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेतून हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली दिल्या जातात. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अनेकांना घराचा उंबरठा ओलांडता आला तो त्यांच्यामुळेच. परंतु ती प्रवासाची सोय आहे. मुलांसाठीच्या अनुकूलित सायकलीमागचा विचार वेगळा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा तोल जातो, म्हणून मागे दोन चाके. धड सावरावे म्हणून पाठीला आधार आणि पट्टा. पाऊल घसरू नये म्हणून पेडलला बंद. काही सायकलींत फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पेडलही पायांना फिरवत राहते आणि त्यांना लय सापडते. दृष्टिहीन मुलासाठी दोघांची जोडसायकल असते. पुढचा दिशा पाहतो, पेडल दोघेही मारतात. येथे यंत्र मुलाशी जुळवून घेते, मूल यंत्राशी नव्हे.

ही कल्पना नवीही नाही. १६५५ साली न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ येथे श्टेफान फार्फलर या घड्याळजीने, स्वतःला चालता येत नसल्यामुळे, हातांनी फिरवायची तीनचाकी गाडी तयार केली. त्या वाक्यात दाता कुणी नव्हता.

आपण साहित्याची माणसे याबाबतीत निर्दोष आहोत का? आपल्या कथांतले अपंग मूल बहुधा दुसऱ्या कुणाच्या करुणेची परीक्षा घ्यायला येते आणि काम झाले की निघून जाते. पंगूने पर्वत ओलांडावा, हे कृपेचे आपले जुने रूपक. त्याला पर्वत नको असेल, गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी हवी असेल, हे त्या रूपकाच्या गावीही नसते.

जिथे शाळेच्या पायऱ्यांशेजारी साधा उतार नाही, तिथे खेळायच्या सायकलीची चैन कशाला, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे. पण इतर मुलांच्या सायकलींना आपण हा हिशेब कधी विचारला? संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील ३० वे कलम अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळण्याचा हक्क देते; भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या आपल्या कायद्यातही क्रीडेविषयी स्वतंत्र कलम आहे. कायद्याने मुलाला कर्ता मानले. मैदानाने अजून मानलेले नाही. या सायकली महाग असतात हे खरे. परंतु सीट, हँडल आणि आधार कमीजास्त करता येणाऱ्या दोन-तीन सायकली काही शाळांनी मिळून घेतल्या, तर त्या पुष्कळ मुलांना पुरतील, वाढत्या वयातही.

आणि तोवर आपल्या हाती निदान फळा आहे. पुढच्या खेपेस वर्गात विभक्ती शिकवताना उदाहरणातल्या त्या मुलीला सायकल देऊ नका, चालवू द्या.