सन १३५१ चं रजिस्टर

मागच्या अंकात शाळेच्या दाखल्यावर नावं कशी चुकतात याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार आहे. नाव दुरुस्त होईल हो, पण ज्या नोंदीवरून दाखला काढायचा ती नोंदच सापडत नाही असं ऑफिसवाले म्हणतात, तिथे काय करायचं? उत्तरादाखल आमच्याच गावात घडलेलं सांगते. त्यात थोडी फजिती माझीही आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा अकरावी सायन्सला आहे. घर पिंजाऱ्यांचं. वडील गाद्या-रजया भरून देतात. दुकानात कापूस पिंजायचं मशीन आहे आणि वर्षातले चार महिने बरा धंदा. मुलीला इंजिनिअरिंगला जायचंय. पिंजारी, नदाफ हे आपल्या राज्यात ओबीसीत येतात, म्हणजे तिला फीची सवलत आणि राखीव जागा दोन्ही मिळू शकतात. पण त्यासाठी जातीचा दाखला आणि त्यावर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ते लागतं. ओबीसीसाठी समिती १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहते. वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’. दोन्ही चुलत्यांच्याही तेच. आपल्या निम्म्याअधिक घरांत हेच सापडेल. गुरुजींनी त्या वेळी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही.

राहिले मुलीचे दादा. ते निजामाच्या काळात गावच्या शाळेत दोन-तीन जमाती शिकले होते. आता हयात नाहीत.

मुलीची अम्मी एका दुपारी घरी आली. म्हणाली, “आपा, गावच्या शाळेत दोन चकरा झाल्या. पन्नास सालाच्या आधीचं काहीच नाही म्हणतात. अब नसीब.”

मी विचारलं, “हे कुणी लिहून दिलंय का?”

“लिहून कोण देतं, आपा? तोंडीच.”

तोंडी ‘नाही’ला ना जावक क्रमांक असतो, ना तारीख, ना सही. ते घेऊन तुम्ही पुढच्या कोणत्याही दारात उभे राहू शकत नाही. उद्या तो बाबू बदलून गेला की तुमची चक्कर झालीच नव्हती असं समजा. म्हणून मी तिला सांगितलं की आता बोलायला जायचं नाही, अर्ज द्यायचा.

तिच्या मिस्टरांना हे पटेना. “साहेब नाराज झाले तर? उद्या पुन्हा त्यांच्याकडेच काम पडेल.” या भीतीची चेष्टा मी करणार नाही. कागदपत्रं हा शब्द ऐकला की आपल्या घरांमधून कसं वातावरण होतं ते मला ठाऊक आहे. पण अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. ज्या कपाटात आपल्या दादांचं नाव आहे ते उघडून दाखवा, एवढंच आपण म्हणत असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. त्या वर्षी १२ ऑक्टोबरपासून तो पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा, २००२ चा. अर्ज साध्या कागदावर चालतो. वर ‘जन माहिती अधिकारी’ आणि त्या ऑफिसचं नाव, खाली आपलं नाव-पत्ता, मधे कोणती माहिती, कोणत्या काळातली, आणि ती टपालाने हवी की स्वतः येऊन घेणार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर कार्डाची झेरॉक्स जोडा, तो स्टॅम्पही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असा नियम आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कुणी विचारलं तर कायदाच म्हणतो की कारण विचारायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तिथून ३० दिवस मोजायचे.

आता माझी फजिती. पहिला मसुदा मी लिहिला तो असा: आमच्या वडिलांचा दाखला का दिला जात नाही, जुनी रजिस्टरं का सांभाळली गेली नाहीत, याला जबाबदार कोण? लिहून झाल्यावर मलाच बरं वाटलं. मग पुन्हा वाचला आणि फाडला. या कायद्यात ऑफिसकडे जे कागदावर आहे ते मागता येतं. ‘का’चं उत्तर कागदावर नसेल तर ते द्यायला कुणी बांधील नाही, आणि असा अर्ज एका ओळीत निकाली निघतो. दुसरा मसुदा साधा केला: ‘सन १९४० ते १९४५ या काळातील प्रवेश रजिस्टरमधील माझे वडील अमुक यांच्या नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी.’ वडिलांनी सही केली. सोबत वंशावळ आणि आधारची प्रत जोडली. ही जोडणी कायदा मागत नाही, पण दुसऱ्या घरची नोंद मागतोय असं वाटलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार मिळू शकतो. आपलीच वंशावळ समोर असली की ती अडचण कमी होते.

बाविसाव्या दिवशी उत्तर आलं. ‘सन १९४० ते १९४५ या कालावधीचे प्रवेश रजिस्टर अभिलेखात आढळून येत नाही.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

अम्मीचा चेहरा उतरला. मी मात्र ते वाक्य दोनदा वाचलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. उर्दू शिकवणारी बाई मी, आणि मला सुचू नये! हैदराबाद संस्थानात सरकारी दप्तर उर्दूत असायचं आणि त्यावर साल असायचं फसली. ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं. आजर, दै, बहमन असे त्याचे महिने. फसली आकड्यात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या ऑक्टोबरात सुरू झालं तो इसवी सन निघतो. म्हणजे १३५१ फसली हे ऑक्टोबर १९४१ ते ऑक्टोबर १९४२. (ते हिजरी समजलात तर थेट १९३२ वर जाऊन पडाल, सांभाळा.) हेडमास्तर तरुण, सरळ माणूस. त्यांना १९४० ते १९४५ लिहिलेलं रजिस्टर सापडलं नाही, कारण तसं लिहिलेलं रजिस्टर नव्हतंच. ते खोटं बोलले नव्हते. आम्ही चुकीच्या नावाने हाक मारत होतो.

नाराज होऊन अपील करता आलं असतं. पण मी दुसरा अर्ज लिहायला लावला: ‘शाळेच्या अभिलेखात असलेल्या उर्दू लिपीतील सर्व जुन्या प्रवेश रजिस्टरांची, विशेषतः सन १३४९ ते १३५५ फसली, प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी व निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’ कागद मागण्याचा जसा हक्क आहे तसा तो समोर बसून पाहण्याचाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. आपल्याला नेमकं काय मागायचं तेच ठाऊक नसतं तेव्हा पाहणीसारखा उपाय नाही.

हेडमास्तरांनी आठवड्यातच बोलावलं. लोखंडी कपाटाच्या तळाशी, जुन्या नकाशांच्या गुंडाळीखाली चार बाडं होती. पाठीवर शाईने १३५० फ., १३५१ फ. आम्ही शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसलो. पानं इतकी ठिसूळ की बोटाला थुंकी लावून उलटायची मी सगळ्यांना मनाई केली. तासाभराने दादा सापडले. माहे बहमन, १३५१ फसली. म्हणजे डिसेंबर १९४१ च्या सुमाराला शाळेत नाव घातलेलं. नाम, वल्दियत, साकिन, कौम आणि शेवटी पेशा. कौमच्या रकान्यात मुसलमान. पेशाच्या रकान्यात नद्दाफी.

वडील बाजूला बसले होते. मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “फिर से पढो.”

पुढे मराठी रजिस्टरं आली त्यात पेशाचा रकाना राहिला नाही आणि त्याबरोबर घराण्याचा हा एक शब्दही गेला. त्या पानाची साक्षांकित प्रत दोन रुपयांना मिळाली. मराठी भाषांतर मी करून देऊ शकले असते, पण मुलीची शिक्षिका म्हणून माझी सही तिथे बरी दिसली नसती. ते अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतलं. कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज गेलाय. समिती गृहचौकशी करेल, प्रश्न विचारेल, निकाल काय येतो तो येईल. पण फाइल रिकामी नाही.

ही उर्दू आणि फसली सनाची भानगड पूर्वीच्या निजाम हद्दीतली. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा याच दप्तरांसाठी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत फिरावं लागलं होतं. कोकणात, सातारा-सांगलीकडे जुन्या नोंदी मोडीत सापडतील. पत्र पाठवणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न मात्र शाळेचा नाही, जन्ममृत्यूचा आहे, त्यांच्यासाठी थोडं. आपल्या राज्यात १ एप्रिल १९७० पासून या नोंदी केंद्राच्या १९६९ च्या कायद्याखाली होतात. शहरात पालिका, गावात ग्रामपंचायत. त्यापूर्वीच्या गावच्या नोंदी बहुधा तहसिलीच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ मध्ये. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तिथे आधी माहिती अधिकार लावू नका, साधा नक्कल अर्ज द्या. तो स्वस्त आणि सरळ. पालिकेकडे रजिस्टर शोधून उतारा मागण्याची तरतूद जन्ममृत्यूच्या कायद्यातच आहे. शोधूनही नोंद नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. उशिराची जन्मनोंदणी करायची झाली तर तेच पहिलं लागतं, आणि २०२५ पासून आपल्याकडे या उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. एजंटाने “करून देतो” म्हटलं तर त्याच्या दारातूनच परत फिरा. पैसे तर जातीलच, पण खोटा दाखला निघाला तर गुन्हा तुमच्या नावावर.

जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत आणि पालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा २०१८ चा शासननिर्णय आहे. पुष्कळ ऑफिसांत तो त्यांनाच आठवत नाही. आठवण करून द्यायची, आवाज न चढवता.

आणि उत्तर आलंच नाही तर? ३० दिवस उलटून गेले की माहिती फुकट द्यावी लागते, आणि त्याच ऑफिसच्या वरिष्ठाकडे वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करता येतं. अपिलालाही ३० दिवसांचीच मुदत असते, ती मोजा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाकडे वाट बघावी लागते, हे आधीच सांगून ठेवते. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला म्हणून परत घेऊ नका. पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम आहे.

परवा त्या शाळेवरून जाताना आत डोकावले. हेडमास्तरांनी चारही बाडांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. १३५१ फ. च्या खाली मराठीत १९४१–४२. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, “मॅडम, तुम्हाला वेळ असेल तर शनिवारी या. गावातली अजून तीन घरं नावं विचारून गेलीत, मला हे वाचता येत नाही.” या शनिवारी जाणार आहे.