हळदीचा अभिमान आणि प्रमाणाचा आग्रह

मुळशी तालुक्याला आज दोन चेहरे आहेत. एकीकडे हिंजवडीतील संगणक कंपन्यांची रात्रपाळी, तर दुसरीकडे पौडपासून ताम्हिणीपर्यंत पसरलेली भातखाचरे. खुर्चीला खिळलेला अभियंता आणि जमीन विकून औत सोडलेला शेतकरी, दोघेही अंगमेहनतीला पारखे झाले आणि मधुमेहाने दोघांचाही उंबरठा ओलांडला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक त्या वाटेवर आहेत. आपला माणूस सडपातळ दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचा वाटा अधिक असतो, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगासमोर मांडले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

अशा घरांत हल्ली 'करक्युमिन'च्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. हळदीला पिवळा रंग देणारे हे द्रव्य. त्याविषयी आपल्या मनात जिव्हाळा असणे स्वाभाविकच आहे. १९९५ साली अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट बहाल केले. आमच्या आजीबाईच्या बटव्यातले औषध अमेरिकेचा शोध ठरले! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही लढाई घोषणांनी जिंकली गेली नाही, हे विसरता कामा नये. प्राचीन संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे कागद तेथे मांडावे लागले.

मधुमेहाच्या बाबतीतही परंपरा आपल्या बाजूने बोलते. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात प्रमेहावर आवळा आणि हळद ही जोडी श्रेष्ठ मानली आहे. आधुनिक विज्ञान त्याची संभाव्य उपपत्तीही देते. रक्तात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पेशींमध्ये प्राणवायूपासून उपद्रवी कण अधिक प्रमाणात निर्माण होतात. डोळा, मूत्रपिंड व मज्जातंतू यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना ते इजा करतात. करक्युमिन प्रयोगशाळेत हे कण निष्प्रभ करते आणि पेशींची स्वतःची संरक्षक यंत्रणाही जागी करते. थायलंडमधील २०१२ च्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २४० जणांपैकी निम्म्यांना नऊ महिने करक्युमिन दिले गेले. त्यांच्यापैकी कोणालाही मधुमेह झाला नाही. नुसत्या नावाची गोळी घेणाऱ्यांपैकी मात्र १६ टक्क्यांहून अधिक लोकांना तो झाला.

येथे हर्षभरित होऊन थांबण्याचा मोह होतो. पण परीक्षानळी म्हणजे मनुष्यदेह नव्हे. पोटात गेलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. जे उतरते, त्याचेही आतडे आणि यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकतात. थायलंडच्या चाचणीत दिवसाला दीड ग्रॅम द्रव्य दिले होते. हळदीत ते साधारण तीन टक्के असते. म्हणजे तेवढ्यासाठी रोज ५० ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीतल्या चिमूटभर हळदीवर एवढा भार टाकणे हा त्या बिचाऱ्या आमटीवरही अन्यायच! मिऱ्यातील पिपरीनसोबत घेतल्यास शोषण सुमारे वीसपट वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. परंतु तेच पिपरीन इतर औषधांचे शरीरातील प्रमाणही बदलू शकते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. एका चाचणीचे लखलखीत यश अनेक ठिकाणी पुन्हा सिद्ध व्हावे लागते, आणि २०१७ मध्ये काही अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनच्या एकूण पुराव्यावरच कठोर प्रश्नचिन्ह लावले आहे.

त्यांना उत्तर द्यायचे असेल तर ते येथूनच, सांगली-हिंगोलीच्या हळदीवर आपल्याच रुग्णालयांत, आपल्याच रुग्णांवर केलेल्या काटेकोर चाचण्यांनी द्यावे लागेल. आयुर्वेद महाविद्यालये आणि आधुनिक रुग्णालये पुण्यात हाकेच्या अंतरावर असूनही एकमेकांशी फटकून वागतात, ही आपली खरी अडचण आहे. तोवर मुळशीतील ज्या घरात गोळ्यांची बाटली आली म्हणून मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन बंद झाले असेल, तेथे आपल्या कार्यकर्त्याने जरूर जावे, त्या रुग्णाला तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला लावावी आणि बाटलीसकट त्याला डॉक्टरांसमोर बसवावे.