कुत्रा एकच, नावं दोन



मागच्या व्हिडिओखाली मांढळकडच्या एका पोट्ट्यानं विचारलं, "भाऊ, कारवान कुत्र्याची जोडी 40 हजारात भेटून राहिली. दोन वेतात पैसे वसूल. घेऊ का?" मी खाली फक्त "आत्ता नको" एवढंच लिहिलं. त्याला राग आलेला दिसला. "काहून नको?" म्हणून परत तीन मेसेज. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती सांगतो. कुहीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी याच जातीची एक मादी मी 14 हजारात आणली. विकणाऱ्यानं सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली. मी ती लॅमिनेट करून काउंटरवर लावली, बोला! पुढं सहा पिल्लं झाली. नागपूरहून एक गिऱ्हाईक आलं, पिल्लं आवडली, आणि विचारलं, "आईबापाची नोंद?" मी झेरॉक्स दाखवली. त्यावर ना बापाचा नंबर, ना आईचा. माणूस चहा पिऊन निघून गेला. सहाच्या सहा पिल्लं शेवटी ओळखीच्या शेतकऱ्यांना राखणीला फुकट दिली. मादी एक नंबर होती, तिच्यात काही खोट नव्हती. पण माझ्याकडं विकायला काहीच नव्हतं. बीबीएला ब्रँडिंगचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालेला माणूस आहे मी!

आता या कुत्र्याचीच गोष्ट बघा. लांब पाय, बारीक कंबर, दख्खनच्या माळरानावर सशामागं पळणारा हा कुत्रा. आपल्याकडं त्याला कारवान म्हणतात, लांब केसांच्या प्रकाराला पश्मी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निवडून पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली असं सांगतात. तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव गाजलं.

पुढं गंमत झाली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात हा 'कारवान हाउंड' आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरात 'मुधोळ हाउंड'. कुत्रा तोच! 9 जानेवारी 2005 ला पोस्टानं 5 रुपयांचं तिकीट काढलं, त्यावर मुधोळ. 2016 मध्ये सैन्यानं मेरठला पिल्लं नेली, तेव्हाही पेपरात मुधोळ. आपल्या मराठवाड्यातला माणूस मात्र पिढ्यान्पिढ्या कारवान पाळतो आणि बातमीतला कुत्रा आपल्या दारातच बसलाय हे गिऱ्हाइकाला समजावत बसतो. मुधोळजवळ तिम्मापूरला तर बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्रच आहे. नावाला दप्तर आणि संस्था मिळाली की काय होतं ते दिसतंय ना?

क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शो, कप आणि फोटो येतात. खरं काम वेगळंच असतं. इंग्लंडच्या बुलडॉगचं उदाहरण घ्या. 1835 मध्ये कायद्यानं बैलाशी झुंजी लावणं बंद झालं, कुत्र्याचं कामच गेलं. 1864 मध्ये तिशीएक लोकांनी क्लब काढला, तो तीन वर्षांत बसला. 1875 मध्ये लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात शौकीन पुन्हा जमले आणि आधी काय केलं, तर बुलडॉग म्हणजे नेमका कसा, हे कागदावर उतरवलं. डोकं केवढं, छाती कशी, चाल कशी. तो क्लब टिकला. कारवानचंही तेच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर सशाची शिकार गुन्हा झाली. आता त्याची किंमत टिकणार ती फक्त लिहिलेल्या वंशावळीवर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकट्यानं जोडी घेऊन हा धंदा करू नका. तालुक्यातले, नाही तं शेजारच्या तालुक्यातले धरून पाच-सहा पाळणारे आधी जमवा. दोन वर्षं एकही पिल्लू न विकता फक्त वही ठेवा: कोणती मादी, कोणता नर, तारीख, पिल्लं किती, मेली किती, फोटो. आणि ज्याचा कुत्रा वर्णनात बसत नाही त्याला तोंडावर "नाही" म्हणा, मग तो आपला सख्खा साळा का असेना. इथंच बहुतेक गट फुटतात. अध्यक्ष कोण यावरून भांडणं होतात ती वेगळीच! पण ज्या क्लबनं कुणालाच नाकारलं नाही, त्याच्या शिक्क्याला गिऱ्हाईक का पैसे देईल?

"स्पर्धकासोबत कशाला बसायचं?" असं काही जण विचारतील. भिवापुरी मिरचीकडं बघा, आपल्याच पट्ट्यातली. भौगोलिक मानांकन मिळालं ते पिकाला, कुण्या एका शेतकऱ्याला नाही. तरी बाजारात बोर्ड भिवापुरीचा आणि पोत्यात भलतीच मिरची असं दिसतंच, कारण पोत्यापर्यंतची नोंद कोणी ठेवत नाही.

आणि हो, 2017 च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय पैदास करता येत नाही. म्हणजे "दोन वेतात वसूल"चा हिशेब इथंच लांबला. त्यात मादीचा खुराक, लसी, डॉक्टर धरा.

मांढळच्या मित्रा, इसार दिला नसशील तर देऊ नको. विकणाऱ्याला जोडीच्या आईबापाचे नोंदणी नंबर माग आणि ते क्लबकडं स्वतः तपासून घे. तो टाळाटाळ करत असेल तर रविवारी दुकानावर ये. माझी ती लॅमिनेट केलेली झेरॉक्स अजून काउंटरवरच आहे, बघून जा.