सेकंडहँड ट्रॉली आणि आपण मेकॅनिकलवाले

दिवाळीच्या सुमारास संत्रा-कापूस निघू लागला, की आमच्या काटोलकडचे कास्तकार जुनी ट्रॉली शोधतात. मग होस्टेलवर फोन येतो, "तू मेकॅनिकलले आहेस ना, सांग बरं कशी आहे?" बरेच जण फोटोतला रंग पाहूनच "मस्त आहे" म्हणून मोकळे होतात!

मित्रांनो, माझ्या मते ताजा ऑइलपेंट हेच संशयाचं पहिलं कारण. खाली वाका. चॅसीच्या चॅनलवर हातोडी मारा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. चुंबक नीट चिकटलं नाही, तर आत पुट्टी भरलीय. खताची पोती वाहिलेल्या ट्रॉलीचे कोपरे आधी बघा.

पण खरा जीव पुढच्या हुकाच्या वेल्डिंगमध्ये. प्रत्येक खड्ड्यागणिक तिथे ताण येतो-जातो. पेपरात लिहितो तो फटीग हाच. वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर दिसली, की सौदा थांबवा. "वरून एक टाका मारून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. कळमना मार्केटच्या वाटेवर भरलेली ट्रॉली सुटली, तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय?

चाक जॅकवर उचलून हलवा. खेळ असेल, तर बेअरिंग गेलं. तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.