पाऊणशें एकरांची राजधानी

अंदमानचें नांव निघालें कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत एकच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें: सेल्युलर जेलच्या कोठड्यांची लांबच लांब ओळ, लोखंडी गज आणि तेलाचा कोलू. तें चित्र खरें आहे व तें पुसलें जाऊं नये असेंच आम्हांस वाटतें. परंतु तुरुंग हा कांहीं स्वयंभू नसतो. त्याच्या मागें कचेरी असते, कचेरीच्या मागें अधिकारी असतो, आणि त्या अधिकाऱ्यास राहावयास बंगला, खावयास पाव व संध्याकाळीं खेळावयास मैदान लागतें. अंदमानांत हें सारें तुरुंगाच्या शेजारीं नव्हतें. तें होतें समोरच्या एका चिमुकल्या बेटावर. त्या बेटाचें नांव रॉस. आणि १८५८ पासून १९४१ पर्यंत, म्हणजे ऐंशींहून अधिक वर्षें, अंदमान व निकोबार या द्वीपसमूहाच्या कारभाराची गादी त्याच बेटावर होती.

आमच्या आष्ट्याहून, तसेंच सांगली-मिरजेकडून, अंदमानच्या सहलीस जाणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आढळतात. परत आल्यावर तीं तुरुंगाविषयीं भरभरून बोलतात. रॉसचा विषय काढला तर मात्र “तेथें हरणें फार छान आहेत” एवढ्यावरच गोष्ट संपते. हरणें छान आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि तेथें पाहावयास दुसरेंही कांहीं आहे, आणि तें जाण्यापूर्वींच घरांतील मुलांच्या कानीं पडलेलें बरें, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

बेटाचें क्षेत्रफळ सुमारें पाऊणशें एकर. आष्ट्याच्या शिवारांत उसाच्या फडांमधून दहा-बारा मिनिटें नीट चाललें तर तेवढी जमीन मागें पडावी. या तुकड्यावरून शेंकडों मैल पसरलेल्या बेटांचा कारभार चाले. हिंदुस्थानचा मोठा किनारा म्हणजे मद्रासचा किंवा कलकत्त्याचा, आणि तो हजार-बाराशें किलोमीटर दूर. आजही जहाजानें जावयाचें म्हटलें तर सुमारें तीन दिवस मोडतात.

इंग्रजांचा येथील पहिला प्रयत्न याहून जुना आहे. मुंबईच्या आरमारांतील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यानें १७८८-८९ मध्यें या किनाऱ्याची मोजणी केली व १७८९ सालीं चॅथम बेटावर वसाहत घातली. पुढें ती उत्तरेकडील दुसऱ्या बंदरांत हलविली. परंतु रोगराईनें माणसें इतकीं मेलीं कीं १७९६ सालीं सारा पसारा आवरावा लागला. त्यानंतर साठ वर्षें कोणीं तिकडे ढुंकून पाहिलें नाहीं. १८५७ च्या उठावानंतर मात्र सरकारपुढें पकडलेल्या लोकांचें काय करावें हा प्रश्न पडला, आणि विस्मरणांत गेलेलीं बेटें एकाएकीं आठवलीं. १० मार्च १८५८ रोजीं डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर हा दोनशें कैदी घेऊन तेथें उतरला. चॅथमवर पाण्याची टंचाई पडली, म्हणून बंदराच्या तोंडावरील रॉस बेट तोडून साफ करण्याचें काम कैद्यांनाच लाविलें. पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या ऐंशींहून अधिक कैद्यांना या वॉकरनें पहिल्या कांहीं महिन्यांतच फासावर लटकाविलें. हा गृहस्थ पेशानें वैद्य होता, हेंही वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.

राजधानीस हेंच बेट कां, याचें उत्तर त्याच्या जागेंतच आहे. एका बाजूस कैदी, दुसऱ्या बाजूस अरण्य व त्यांत धनुष्यबाण घेऊन फिरणारे मूळ रहिवासी; दोहोंपासून निर्भय राहावयाचें तर मध्यें पाणी असलेलें चांगलें. आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दीनेंही पाण्याच्याच खंदकावर भरंवसा ठेविला होता. पण सिद्दी पिढ्यान् पिढ्या तेथेंच जन्मला, तेथेंच नांदला, आणि किनाऱ्यावरील मुलुखाशीं भांडत कां होईना पण त्याच्याशीं जोडला गेला. रॉसवरील साहेब ठराविक मुदतीनें येई व मुदत संपली कीं जाई. या एका फरकांत त्या शहराचें सारें पुढील भवितव्य सामावलेलें आहे, असें आमचें मत आहे.

शहर मात्र मोठें टुमदार वसविलें होतें. उत्तरेकडील उंचवट्यावर चीफ कमिशनरचा प्रशस्त बंगला, जवळच दगडी प्रार्थनामंदिर, दक्षिणेस शिपायांच्या बराकी, आणि मध्यें बाजार. पाव भाजण्याची भट्टी होती, छापखाना होता, इस्पितळ होतें, पाणी शुद्ध करण्याचें यंत्र होतें, पुढें विजेचें घरही झालें. टेनिसचें मैदान, पोहण्याचा तलाव, आणि नाचासाठीं सागवानी तक्तपोशीचा क्लब. कोणी त्यास पूर्वेकडील पॅरिस म्हणत. ज्या हातांनीं झाडें तोडलीं, दगड वाहिले व भिंती चढविल्या ते हात शिक्षेचे होते. त्या क्लबांत त्यांना प्रवेश असला तर तो खाण्याचें तबक घेऊनच. दिवे लागले म्हणजे हें बेट पलीकडच्या किनाऱ्यावरून उत्सवासारखें दिसत असलें पाहिजे. पलीकडच्या किनाऱ्यावर, अगदीं समोर, सेल्युलर जेल होता. त्याचें बांधकाम १८९६ सालीं सुरू होऊन १९०६ सालीं पुरें झालें.

याच रॉसवर आणखी एक घर होतें, आणि त्याची हकीकत वाचतांना आम्हांस त्या तुरुंगाइतकाच विषाद वाटला. मूळ अंदमानी लोकांस ‘सुधारावें’ या हेतूनें १८६३ सालीं पाद्री कॉर्बिन यानें त्यांच्यासाठीं येथें एक आश्रम काढला. त्यांना आणून ठेवावें, कपडे घालावे, इंग्रजी शिकवावें असा बेत. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या लोकांच्या शरीरांस अनोळखी असलेले रोग या सहवासाबरोबर आले. आश्रमांत जन्मलेलें एकही मूल दोन वर्षांपलीकडे जगलें नाहीं, असें त्या काळच्या सरकारी लेखकांनींच नमूद केलें आहे. १८७७ मध्यें गोंवराची साथ आली व तिनें जंगलांतील वस्त्याच्या वस्त्या उठविल्या. वसाहत झाली तेव्हां हजारोंनीं मोजले जाणारे हे ग्रेट अंदमानी लोक १९६१ च्या खानेसुमारींत अवघे १९ उरले. कोणाचेंही मूल आजारी पडलें तर घरांतील आजीपासून धाकट्या जावेपर्यंत सर्वांचा जीव कसा टांगणीस लागतो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. तेथें तर एका जातीचीं मुलेंच उरेनात.

आतां आपल्या मुलुखाशीं या बेटाचा संबंध. गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव, यांना १९०९ सालीं कवितांचें पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली व ते अंदमानांत गेले. धाकटे बंधु विनायकराव ४ जुलै १९११ रोजीं तेथें पोंचले. विनायकरावांना घरीं पत्र लिहिण्याची परवानगी वर्षांतून एकदां. तुरुंगांत काय घडलें तें ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथानें घरोघर पोंचविलें आहे, त्याची पुनरुक्ति येथें नको. आम्ही इकडच्या घराविषयीं बोलतों. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मागें राहिल्या. मिळकत जप्त, ओळखीचीं माणसेंही पोलिसांच्या भयानें दाराशीं फिरकेनात, अशा दिवसांत त्यांनीं दहा वर्षें काढलीं. पतीची एकवार भेट व्हावी म्हणून परवानगीचे प्रयत्न चालले होते. १९१९ सालीं ती परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीं धाकटे दीर डॉक्टर नारायणराव व विनायकरावांच्या पत्नी माई ह्या दोघांनीं काळें पाणी ओलांडून तुरुंगांत दोघां बंधूंची भेट घेतली. येसूवहिनी त्या जहाजांत नव्हत्या. त्या थोड्याच दिवसांपूर्वीं वारल्या होत्या.

आम्ही हें सांगतों तें केवळ हळहळ वाटावी म्हणून नव्हे. वसाहतींतील प्रत्येक कैद्याचा वरिष्ठ धनी म्हणजे चीफ कमिशनर, आणि तो राहत होता रॉसवर. कैद्याची कोठडी आणि त्याचा बंगला यांमध्यें होडीनें जाण्याइतकें पाणी. एवढें अंतर कागदांना इतकीं वर्षें लागावीं! अंतर मैलांत मोजावयाचें नसतें, तें किती टेबलांवरून अर्ज फिरतो यावर मोजावें, हें सरकारी कचेरीशीं काम पडलेल्या कोणाही गृहस्थास ठाऊक आहे.

किनाऱ्यावरची वस्ती निराळ्याच रीतीनें वाढली. तेथें ॲबरडीन बाजार झाला. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना कांहीं वर्षांनंतर शेतीस जमीन मिळे, परवानगीनें लग्नही करतां येई; आणि वधू-वर दोघेही शिक्षा भोगणारे, निरनिराळ्या प्रांतांचे. समुद्र ओलांडल्यानें धर्म बुडतो असें मानणाऱ्या काळांत ज्यांना जबरीनें समुद्रापार नेलें, त्यांनीं तेथें जातीची व कधीं कधीं धर्माचीही शिंव ओलांडून संसार थाटले. भाषा हिंदुस्थानी ठरली, कारण दुसरी कोणती सर्वांस कळणार? आमच्या घरांतील वडील मंडळींना हें वाचून थोडें अवघड वाटेल. परंतु त्या मंडळींचे वंशज आजही तेथें नांदत आहेत, आणि मुदतीनें बदलणाऱ्या साहेबांपैकीं एकाचेंही घर तेथें उरलें नाहीं.

रॉसचा शेवट फार चटकन् झाला. २६ जून १९४१ रोजीं मोठा भूकंप झाला, इमारतींस तडे गेले, आणि कचेऱ्या पलीकडे पोर्ट ब्लेअरला हलविण्यांत आल्या. पुढच्याच वर्षीं, २३ मार्च १९४२ रोजीं, जपानी फौजा उतरल्या. तेव्हांचा चीफ कमिशनर वॉटरफॉल त्यांचा कैदी झाला. कैद्यांच्या बेटावरील सर्वाधिकाऱ्यानें कैदी व्हावें, याहून निराळें भाष्य आम्ही करीत नाहीं. जपान्यांनीं बेटावर सिमेंटचे बुरूज बांधले, ते आजही आहेत. सुभाषचंद्र बोस डिसेंबर १९४३ मध्यें अंदमानांत आले व ३० तारखेस पोर्ट ब्लेअरच्या मैदानावर त्यांनीं झेंडा उभारला. त्या वेळीं तेथील लोक जपान्यांच्या छळाखालीं होते, व एक महिन्यानें, ३० जानेवारी १९४४ रोजीं, होमफ्रेगंज येथें अनेक निरपराध नागरिकांना गोळ्या घालण्यांत आल्या. इतिहास सांगतांना हें वगळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १९४५ सालीं इंग्रज परतले, पण रॉसवर राहावयास कोणीच गेलें नाहीं. पाण्याचा खंदक ज्या भीतीसाठीं हवा होता ती भीतीच उरली नव्हती, आणि भीतीवांचून त्या बेटावर दुसरें कांहीं पिकत नव्हतें.

१९७९ मध्यें बेट भारतीय नौदलाकडे गेलें. २०१८ सालीं त्यास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असें नांव मिळालें, आणि पोर्ट ब्लेअरचें नांव सप्टेंबर २०२४ मध्यें श्रीविजयपुरम् असें ठरलें. ज्या ब्लेअरचें नांव गेलें तो मुंबईच्या आरमारांतला मोजणीदार होता व त्याच्या वसाहतीशीं फाशीचा संबंध नव्हता. पण जनतेच्या स्मरणांत जेलच राहिला, मोजणी राहिली नाहीं. नांवें बदलण्याविषयीं आमच्या वाचकांत मतभेद असतील. पत्ता लिहितांना मात्र जुनें व नवें दोन्हीं माहीत असावीं.

आतां जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. ॲबरडीनच्या धक्क्यावरून लाँच सुटते व थोड्याच वेळांत बेटास लागते. रात्रीं तेथें कोणास राहतां येत नाहीं. प्रार्थनामंदिर, क्लब, भट्टी, सारें वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनीं वेढलें आहे. कित्येक ठिकाणीं भिंत पडूं न देतां मुळांनींच तिला धरून ठेविलें आहे. चढ सौम्य असला तरी वडील मंडळींस दम लागतो, म्हणून सकाळची वेळ चांगली. पाण्याची बाटली सोबत असावी व हरणांस कांहीं खाऊं घालूं नये. आमची विशेष सूचना एवढीच कीं, प्रथम रॉस पाहावें व मग जेल. चीफ कमिशनरच्या बंगल्याच्या उरलेल्या जोत्याजवळ पोंचल्यावर मुलांना पश्चिमेकडे तोंड करून उभें करावें. समोर पलीकडच्या किनाऱ्यावर जेलच्या इमारतीचा भाग दिसतो. सात पाख्यांपैकीं आतां तीनच उभे आहेत, हें त्यांना तेथेंच मोजावयास सांगावें, आणि मग परतीच्या लाँचची वेळ पाहावी.